मागच्या गल्लीत काय झालं

धुतलेली चादर मागच्या गॅलरीतल्या दोरीवर टाकून वृंदा तिची टोकं सारखी करत होती, तेवढ्यात खाली मागच्या गल्लीत कुणीतरी धावत आल्याचा आवाज झाला. दुपारची वेळ होती. बालीगंजमधल्या त्या जुन्या इमारतीच्या मागे ही गल्ली. कचऱ्याचे डबे, बंद पडलेली एक स्कूटर आणि शेवटी उंच भिंत, एवढंच तिथे होतं. भर दुपारी तिकडे कुणी फिरकत नसे, म्हणून तिने वाकून पाहिलं.

निळा शर्ट घातलेला एक तरुण भिंतीपाशी येऊन थबकला. वर चढायला त्याने उडी मारली, पण हात पोचला नाही. तो वळला. त्याच्या मागोमाग साध्या कपड्यातले तिघे जण गल्लीत शिरले होते आणि सर्वांत पुढच्याच्या हातात पिस्तूल होतं. तरुणाने दोन्ही हात वर केले आणि कुणी न सांगताच तो गुडघ्यांवर बसला.

“मारबेन ना, स्यार,” तो म्हणाला. मारू नका, साहेब. वृंदाला बंगाली बेताचंच यायचं, पण एवढं तिला कळलं.

पिस्तूलवाला चालतच त्याच्याजवळ गेला. त्याला कसलीही घाई नव्हती. कोरडा, कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि लगेच पुन्हा एकदा. तरुण एका अंगावर कलंडला. त्याचा एक पाय थोडा वेळ हलत राहिला आणि मग थांबला.

हातातली चादर वृंदाने इतकी घट्ट धरली होती की तिचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. खालच्या माणसाने पिस्तूल कमरेला खोचलं आणि मान वर करून तो एकेक मजला पाहू लागला. पहिल्या मजल्याच्या खिडक्या बंद होत्या, दुसऱ्याच्याही. तिसऱ्या मजल्यावर आल्यावर त्याची नजर थांबली.

त्याने वृंदाला नीट पाहिलं. गोरा, गोल चेहरा, बारीक मिशी. एखाद्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांसारखा दिसत होता तो. वृंदा चादरीमागे मटकन खाली बसली. ओल्या फरशीवर ती किती वेळ बसून होती, हे तिचं तिलाच नंतर सांगता आलं नाही. खाली बोलण्याचे आवाज येत होते, गाडीचं दार वाजलं, कुणीतरी हसलंसुद्धा. पण उठून पुन्हा पाहायचं धैर्य तिला झालं नाही.

संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरची अनिंदिता होती. हातात संदेश मिठाईची पेटी आणि डोळे रडून सुजलेले.

“बृंदादी, तोंड गोड करा,” ती म्हणाली. “माझ्या आईला मारणारा आज संपला.”

अनिंदिता भौमिक शाळेत शिकवायची. लग्न केलेलं नव्हतं, म्हाताऱ्या आईला घेऊन राहायची. तीन आठवड्यांपूर्वी दोघी मायलेकी गोडियाहाटच्या बाजारातून परत येत असताना मोटारसायकलवरच्या दोघांनी आईच्या गळ्यातली साखळी ओढली. म्हातारी फूटपाथच्या कडेवर डोक्यावर आपटली ती पुन्हा शुद्धीवर आली नाही आणि काही दिवसांनी दवाखान्यातच गेली. अख्खी इमारत तेव्हा हळहळली होती. वृंदा तर रोज डबा घेऊन दवाखान्यात जात होती. अनिंदिताच्या आईला ती मावशी म्हणायची, आणि त्या तिला आपल्या आईसारख्याच वाटायच्या.

वृंदाने संदेश हातात घेतला. अनिंदिता समोर उभी होती, म्हणून तोंडातही टाकला.

रात्रीच्या बातम्यांत सगळं आलं. बापी हालदार नावाचा सराईत गुन्हेगार पोलिसांच्या हातातून निसटून पळाला, एका गल्लीत स्कूटरच्या आडून त्याने गोळी झाडली, स्वसंरक्षणार्थ पोलिसांना प्रत्युत्तर द्यावं लागलं. मृताजवळ गावठी पिस्तूल सापडलं. पडद्यावर त्या गोल चेहऱ्याच्या माणसाला कुणीतरी हार घालत होतं. सब-इन्स्पेक्टर पालित, असं नाव खाली आलं.

“खोटं आहे हे,” वृंदा म्हणाली.

तिच्या नवऱ्याने, दिगंबरने, जेवता जेवता वर पाहिलं. सरकारी बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता तो. बदली होऊन ते इथे आले त्याला चार वर्षं होत आली होती आणि निवृत्तीलाही आता फार काळ उरला नव्हता. वृंदाने त्याला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर दिगंबर उठला, मागचं दार लावलं, खिडक्या लावल्या, पडदेही ओढले.

“तू आणखी कुणाला बोललीस?”

“नाही.”

“बोलू नकोस. आपल्या ऋतालासुद्धा नाही. तू झोपली होतीस.”

“अहो, पण त्याने हात वर केले होते.”

“वृंदा,” दिगंबर हळू आवाजात म्हणाला, “आपण इथले नाही. उद्या काही झालं तर या शहरात आपल्या बाजूने उभं राहणारं एक माणूस नाही. तू झोपली होतीस.”

दुसऱ्या दिवशी दिगंबर बँकेत गेला, मुलगी ऋता न्यू टाउनला तिच्या कंपनीत गेली आणि वृंदा घरात एकटी राहिली. अकराच्या सुमारास बेल वाजली. दाराच्या भिंगातून तिने पाहिलं. बाहेर पालित उभा होता. गणवेशात, टोपी काखेत धरून.

न उघडावं असं तिला वाटलं. पण आतल्या रेडिओचा आवाज त्याला बाहेर ऐकू येत असणार. तिने दार उघडलं.

“नमस्कार मॅडम,” तो स्वच्छ हिंदीत म्हणाला. “इमारतीत सगळ्यांना भेटतोय. रूटीन आहे. जरा पाणी मिळेल?”

ती स्वयंपाकघरात गेली. पेला भरताना निम्मं पाणी ओट्यावर सांडलं. बाहेर आली तोवर तो सोफ्यावर बसून भिंतीवरचे फोटो बघत होता.

“काल दुपारी तुम्ही घरातच होतात?”

“हो.”

“झोपला असाल. दुपारी सगळ्याच बायका जरा आडव्या होतात. माझी मिसेसही.”

वृंदाची नजर त्याच्या बोटांवर होती. नखं व्यवस्थित कापलेली, पेला त्याने अलगद धरलेला.

“ही तुमची मुलगी ना?” त्याने ऋताच्या फोटोकडे मान केली. “न्यू टाउनला असते. संध्याकाळी ऑफिसची गाडी तिला कोपऱ्यावर सोडते, तिथून चालत येते. त्या रस्त्यावरचे दिवे गेलेत, मी कालच सांगितलं दुरुस्त करायला. पोरींच्या आईबापांना काळजी असतेच.” त्याने पाणी संपवून पेला टेबलावर ठेवला. “या भागात आता चोरीमारी होणार नाही, मॅडम. भौमिक मॅडमना विचारा, त्या आता शांत झोपतात. तुम्हीही झोपा.”

तो गेल्यावर वृंदाने दोन्ही कड्या लावल्या आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. त्याने आवाज चढवला नव्हता, एकही वावगा शब्द काढला नव्हता. कुणाला सांगायला जावं तर सांगणार काय? पोलीस आले, पाणी प्यायले, रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करतो म्हणाले.

त्या दिवसापासून भीती घरातच मुक्कामाला आली. ऋता यायच्या वेळेला वृंदा खाली जाऊन कोपऱ्यावर उभी राहू लागली. जिन्यात पावलं वाजली की तिच्या हातातलं काम थांबायचं. फोन वाजायचा, उचलला की पलीकडून कुणी बोलायचं नाही. फोन कंपनीचाच असेल कदाचित, पण त्या फोननंतर तिला जेवण जायचं नाही. मागच्या गॅलरीत जाणं तिने सोडून दिलं; कपडे आता बैठकीच्या खोलीतच वाळत होते. झोप लागली की तो निळा शर्टवाला दिसायचा, आणि तो मराठीत बोलायचा. मारू नका हो.

शेवटी ऋतानेच तिला धरलं. “आई, तू मला लहान मुलीसारखी आणायला येतेस, रात्री उठून दार तपासतेस. काय झालंय?”

वृंदाने सांगून टाकलं. ऋता फोनवर काहीतरी शोधू लागली. पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की मॅजिस्ट्रेटकडून चौकशी व्हावीच लागते, ज्यांना काही माहीत असेल त्यांनी पुढे यावं अशी जाहीर सूचना निघते, असं तिने वाचून दाखवलं. सूचना निघालेलीही होती. इंग्रजी पेपरात, आतल्या पानावर, टेंडरांच्या जाहिरातींमध्ये.

“कुणी वाचू नये म्हणूनच छापतात वाटतं,” ऋता म्हणाली.

“मी जाणार नाही,” वृंदा म्हणाली. “तो तुझी गाडी कुठे थांबते ते जाणतो.”

आणि ती खरंच गेली नसती. तसं तिने नंतर दिगंबरकडे कबूलही केलं. पण दोन-तीन दिवसांनी अनिंदिता वर आली. या खेपेला तिच्या हातात काही नव्हतं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ती बसून राहिली. चहा समोर निवत होता.

“बृंदादी, तुमची मागची गॅलरी त्या गल्लीवर आहे ना?”

“मी झोपले होते,” वृंदा म्हणाली.

अनिंदिताने मान हलवली. ऐकल्यासारखी नाही, आपल्याच विचारात असल्यासारखी. “आईची साखळी मिळाली नाही. मी चौकीवर विचारायला गेले होते. ते म्हणाले, केस संपली, आरोपी मेला. मी म्हटलं, दोघे होते. गाडी चालवणारा दुसरा कुठे आहे? ते म्हणाले, त्याचं नाव सांगणारा मेला ना आता.” ती थांबली. “मी त्यांना ओळख पटवून दिली होती, दीदी. पण केव्हा, माहीत आहे? तो मेल्यावर. त्या दिवशी दुपारी पालितबाबू आले आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला. एकच. डोळे मिटलेला चेहरा. हाच ना, म्हणाले. मी हो म्हटलं. त्या वेळी कुणाचाही फोटो दाखवला असता तरी मी हो म्हटलं असतं. मला ते सगळं संपायला हवं होतं.”

“आणि आता?”

“मला वाटतं, मागे बसलेल्याच्या हनुवटीवर दाढी होती. फोटोतल्या माणसाला नव्हती.” अनिंदिताने निवलेला कप दूर सारला. “पण मला नक्की आठवत नाही. आता कधीच नक्की कळणार नाही. तो जिवंत असता तर कोर्टात उभा राहिला असता, मी त्याच्यासमोर उभी राहिले असते, काहीतरी कळलं असतं. मी मिठाई वाटली, दीदी. कुणाच्या नावाची वाटली?”

वृंदाने स्टुलाजवळ येऊन तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

“मी झोपले नव्हते,” वृंदा शेवटी म्हणाली.

त्या रात्री घरात वाद झाला. दिगंबर कधी नव्हे तो ओरडला. त्या माणसाने दोन गोळ्या घातल्या तिथे तिसरी घालायला त्याला काय लागतं, असं म्हणाला. ऋताने सांगितलं की ती काही दिवस न्यू टाउनला मैत्रिणीकडे राहील, नाहीतर घरून काम करील, पण तिच्या नावाखाली आईला गप्प बसवू नका. दिगंबर उठून आत गेला. वृंदा त्याच्यामागे गेली नाही. तीही घाबरलेलीच होती आणि तो चुकीचं काही बोलत नव्हता.

मॅजिस्ट्रेटच्या चौकशीच्या ठरलेल्या दिवशी सकाळी ती साडी नेसून बाहेर आली तर दिगंबर बूट घालून तयार बसलेला होता.

“बँक?” तिने विचारलं.

“रजा टाकलीय,” तो म्हणाला. “चल. एकटीने जायची जागा नाही ती.”

अलीपूरच्या कचेरीतला व्हरांडा माणसांनी भरला होता. वकील, कारकून, चहावाले. भिंतीलगतच्या बाकावर एक कृश बाई डोक्यावर पदर घेऊन बसली होती. बापी हालदारची बहीण, असं कुणीतरी म्हणालं. वृंदा तिच्या शेजारी बसली आणि तिने समोर पाहिलं. पलीकडच्या खांबाला टेकून पालित उभा होता. त्यालाही जबाबासाठी बोलावलं असणार. तो सावकाश चालत त्यांच्याकडे आला.

“मॅडम, तुम्ही इथे?” तो हसून दिगंबरकडे वळला. “सबनीस साहेब, तब्येत सांभाळा यांची. दुपारी झोपेत माणसाला काय काय दिसतं.”

दिगंबरचा चेहरा पांढरा पडला. तरी तो उठला आणि पालित व वृंदा यांच्या मधे उभा राहिला. तेवढ्यात आतून वृंदाचं नाव पुकारलं गेलं.

मॅजिस्ट्रेट मध्यम वयाच्या बाई होत्या, चष्मा नाकावर खाली आलेला. हिंदीत बोललं तर चालेल का, असं वृंदाने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “ज्या भाषेत सोपं जाईल त्या भाषेत बोला. सावकाश बोला.”

दार बंद होतं, तरी पालित दारापलीकडे उभा राहून ऐकतोय असं वृंदाला वाटत होतं. कारकुनाने पाण्याचा पेला पुढे केला. पाणी पिऊन ती बोलू लागली. धावत आलेला तरुण, भिंत, उडी, वर केलेले हात, गुडघे, मारबेन ना. ते दोन शब्द तिने बंगालीतच सांगितले आणि लिहून घेणारा कारकून क्षणभर थांबला.

“त्याच्याजवळ पिस्तूल होतं?” बाईंनी विचारलं.

“त्याचे दोन्ही हात रिकामे होते.”

“नंतर त्याच्याजवळ कुणी काही ठेवलं?”

“ते मी पाहिलं नाही. मी खाली बसले होते. जे पाहिलं नाही ते मी सांगू शकत नाही.”

बाईंनी मान डोलावली. “इतके दिवस तुम्ही पुढे का आला नाहीत?”

“भीती वाटली म्हणून.”

“कुणी धमकी दिली?”

वृंदाने पालितची भेट सांगितली. पाणी, फोटो, ऑफिसची गाडी, रस्त्यावरचे दिवे. सांगताना तिला स्वतःलाच ते किती साधं वाटत होतं. पण बाईंनी लिहिणाऱ्याला थांबवून शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं आणि शब्दन् शब्द उतरवून घेतला.

“आता भीती वाटत नाही?” त्यांनी विचारलं.

“वाटते,” वृंदा म्हणाली. “आत्ता, इथेसुद्धा वाटते.”

बाहेर आल्यावर त्या बहिणीने तिचा हात धरला आणि सोडला. पालित फोनवर कुणाशी तरी बोलत होता. त्याने या वेळी वर पाहिलं नाही.

पुढचे महिने कसे गेले ते वृंदालाच ठाऊक. ऋता खरंच मैत्रिणीकडे राहायला गेली. बाईंच्या आदेशावरून इमारतीखाली एक हवालदार बसवला गेला. पण तोही पोलीसच, त्यामुळे त्याच्यासमोरून जाताना वृंदा नजर खाली घालून झपाझप पुढे जायची. काही शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. चोरांचा कैवार घेणारी बाहेरची बाई, असं कुणीतरी लिफ्टमध्ये तिच्या कानावर पडेल असं म्हणालं. एकदा दारासमोर कुणीतरी मेलेला कावळा टाकून गेलं. की तो आपणच येऊन पडला? दिगंबरने तो कागदात गुंडाळून बाहेर नेला आणि त्यावर घरात चर्चा केली नाही.

पावसाळा संपता संपता अहवाल आला. गोळीबार स्वसंरक्षणासाठी होता असं दिसत नाही, असा त्यात निष्कर्ष होता. तपास दुसऱ्या यंत्रणेकडे गेला, पालित निलंबित झाला. त्याला अटक झाली आणि काही आठवड्यांनी जामीनही मिळाला. खटला उभा राहायला किती वर्षं लागतील हे कुणी सांगेना. वृंदाला तेव्हा पुन्हा साक्ष द्यावी लागणार होती. या वेळी उघड्या कोर्टात, त्याच्या वकिलासमोर.

मावशींची केसही पुन्हा उघडली गेली. दुर्गापूजेच्या आधी एक दिवस अनिंदिताला ओळख परेडसाठी बोलावलं. साखळ्या ओढणाऱ्या एका टोळीतले काही जण पकडले गेले होते. संध्याकाळी ती थेट वृंदाकडे आली. रस्त्यावर मंडपांचे बांबू ठोकल्याचे आवाज येत होते.

“किती जण उभे केले होते रांगेत,” ती सोफ्यावर बसत म्हणाली. “मला वेळ दिला. कुणी घाई केली नाही. एकाच्या हनुवटीवर दाढी होती.”

“मग?”

“मी म्हटलं, हा असू शकतो, पण खात्री नाही. साहेब म्हणाले, तेच लिहितो.” तिने चष्मा काढून पुसला. “दीदी, तो असला तर मग बापीला कशासाठी मारलं? आणि नसला तर?”

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि दोघीही बोलायच्या थांबल्या. पावलं वर येत येत त्यांच्या दारासमोरून गेली आणि वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडून बंद झालं.

“आज इथेच जेव,” वृंदा म्हणाली. “खाली एकटी जाऊ नकोस.”